मिठाची वाट: पणजी ते चोर्ला, चालत

[पहाट. रायबंदरची मिठागरं. पाण्यावर फिकट उजेड.]

पणजीहून घाटमाथ्यावरच्या चोर्ल्याला गाडीने दोन तास पुरतात. आम्ही तीन दिवस लावले.

गोव्यात ट्रेक म्हणजे रविवारी पहाटे गाडी काढायची, धबधब्याच्या जेवढी जवळ जाईल तेवढी न्यायची आणि तासभर चालून फोटो घेऊन परतायचं. त्यात वाईट काही नाही. पण वाट खरं तर दारातूनच सुरू होते. तिला पाटी नाही, एवढंच.

शहर संपताच आपण पोंत द लिन्यारिशवर येतो. पोर्तुगीज व्हाइसरॉयने १६३३-३४ मध्ये बांधलेला हा तीन किलोमीटरहून लांब बांध. डावीकडे मांडवी, उजवीकडे कांदळवन आणि मिठागरं. चालायला हा टप्पा सगळ्यात वाईट. सात वाजले की गाड्या अंगावर येतात, म्हणून साडेपाचलाच निघालो. मार्चचे दिवस, आगरात मिठाचे ढीग लागलेले. बांधावरच्या एका बाईंकडून पिशवीभर मीठ घेतलं.

असंच मीठ एकेकाळी लमाणांच्या बैलांवर लादून घाट चढायचं. उतरताना तेच बैल धान्य घेऊन यायचे. आज आमच्या पाठीवर पाव किलो आहे, आणि तेवढ्याचंही ओझं वाटतंय!

[फेरीबोटीचा भोंगा. जुने गोवे.]

व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की फेरीचा धक्का. पायी माणसाला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत दिवाडी बेट. शेतं, मधून जाणारा रस्ता, टेकडीवर चर्च, आणि अशी शांतता की स्वतःच्या चपला ऐकू येतात. माझं विचाराल तर सगळ्या वाटेतला हा सर्वांत सुंदर तुकडा.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरी, पलीकडे नार्वे. आपल्या आधी ही नदी देवाने ओलांडली. कदंब राजांचा कुलस्वामी सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नार्व्याला आलं, आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख देवळात आहे. पिंपळाखाली बसलेल्या एका आजींनी आमच्या पाठपिशव्यांकडे बघून विचारलं, "चलत? गाडी ना तुमका?" आहे म्हटल्यावर त्यांना आमची जास्तच दया आली.

[डिचोली. लाल माती, बंद खाणीचा कडा.]

रात्र डिचोलीत. पुढचा दिवस लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातून. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे काही सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या. ट्रक कमी झाले की धूळ बसते आणि गावात चहाची टपरीही बसते; इथला माणूस या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. आपण फक्त ऐकायचं.

साखळीला वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचं देऊळ. आषाढीला गोव्यातून वारकरी पंढरपूरला पायी निघतात, आणि ३ डिसेंबरच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला बेळगावकडून लोक चालत जुने गोव्याला येतात. यातला कुणीही याला ट्रेक म्हणत नाही.

[केरी. अंजुणे धरणाचं पाणी. काजूच्या बागा.]

केरीला पोचलो तेव्हा हवेत काजूच्या बोंडांचा आंबूस वास होता. फेणीच्या भट्ट्या पेटल्या होत्या. समोर घाट. पलीकडचं रान म्हादई अभयारण्याचं. राष्ट्रपती राजवटीत, १९९९ मध्ये, राज्यपाल ले. जन. जे. एफ. आर. जेकब यांच्या काळात ते घोषित झालं. क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. इथे वाघ आहेत. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषबाधेने. म्हणून इथे वनखात्याची परवानगी आणि गावातला माहीतगार हे दोन्ही घेऊनच पाऊल टाकायचं. पावसात तर नाहीच. ओढा कधी भरेल सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे चढ. पायवाट कुठे पाचोळ्याखाली गडप, कुठे घासून गुळगुळीत झालेल्या दगडांची. आमच्या वाटाड्याचं म्हणणं, ही झीज बैलांच्या खुरांची. खरं-खोटं दगडाला ठाऊक. वर वारा लागला. मागे बघितलं तर धरण हातभर, आणि पश्चिमेला नुसती धुरकट रेघ. मांडवी त्यातच कुठेतरी असणार.

[चोर्ल्याची टपरी. चहाची किटली.]

वाटाड्याने खिशातून दोन कैऱ्या काढल्या. सुरी टपरीवाल्याची. मग रायबंदरची पिशवी सोडली. तीन दिवसांच्या घामाने मीठ ओलं झालं होतं. बोटाने थोडं खरवडून फोडींना लावलं.

बस यायला अजून अर्धा तास होता.