नाही म्हणायची सोय

मित्रहो, दबाव, दडपण, सक्ती, जबरदस्ती, दमदाटी, जुलूम, तगादा, गळचेपी, वेठ. परीक्षेत 'समानार्थी शब्द लिहा' म्हटलं, की यातले कुठलेही दोन लिहून मुलांना गुण मिळतात. ते मिळू नयेत, असं माझं मत आहे. जोर कोण लावतंय, कशाच्या बळावर लावतंय आणि समोरच्याला नाही म्हणायची सोय किती उरली आहे, याचं उत्तर प्रत्येक शब्दात निराळं आहे.

सक्ती 'सख्त'वरून आली, आणि तिच्यामागे बहुधा एखादा नियम उभा असतो. हेल्मेटसक्ती आपण म्हणतो, हेल्मेटची जबरदस्ती म्हणत नाही. जबरदस्तीही फारसीच, पण तिथं जबर म्हणजे वरचा आणि दस्त म्हणजे हात. ज्याचा हात वर, त्याचं चालणार. त्याला कागद लागत नाही. दबाव कुणीतरी आणतो. दडपण मात्र बहुतेक वेळा आपसूक येतं, आणणारा दिसतच नाही. आपल्याकडचं 'बळंच' तर इतकं पातळ झालंय, की 'बळंच काय तरी बोलू नको' म्हणताना त्यातलं बळ कुणाच्या ध्यानातही येत नाही.

जुलूम या शब्दाला मागे सत्ता लागते. सोलापूरला तो समजावून सांगायला नको. मे 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्याच काळात याच शहरात 'सेटलमेंट' होती. नाव किती सौम्य! गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मावरून गुन्हेगार ठरवलेली माणसं कुंपणाआड ठेवली होती, त्यांची हजेरी घेतली जायची आणि त्यातली कितीतरी गिरणीत राबायची. देशभरातला कायदा 1952 साली गेला. वस्तीचं नाव राहिलं.

पण मला आज जास्त बोलायचंय ते वेठीबद्दल. संस्कृतात विष्टी म्हणजे बिनमजुरीचं सक्तीचं काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ती आहे. बिगार हा त्याच अर्थाचा फारसी शब्द. वेठबिगार म्हणताना आपण एकच दुःख दोन भाषांत सांगतो. संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने त्याला मनाई केली, आणि 1976 साली वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याची व्याख्या वाचताना मला आपल्या जिल्ह्यातला ऊसतोडीचा हंगाम डोळ्यापुढे येतो. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोच्या कोयत्यानं ती फेडायची. हिशेबात रक्कम फिटलीच नाही, तर पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच टोळीत जायचं. आगाऊ रकमेपायी दुसरीकडं काम करायची किंवा हवं तिथं जायची मोकळीक माणूस गमावत असेल, तर कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारी होते. आपण मात्र उचल म्हणतो आणि तो व्यवहार समजतो. आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितलं, की परिस्थितीनं दुसरा मार्गच न ठेवणं हीसुद्धा सक्ती आहे. किमान वेतनाहून कमी पैशात राबणारा माणूस राजीखुशीनं राबतो असं धरता येत नाही. म्हणजे भुकेलाही जबरदस्तीच्या यादीत जागा मिळाली. हा निकाल शाळेत शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

उलट बाजूनं वर आलेला शब्द म्हणजे धरणं. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा. आपल्यामुळे याच्यावर दैवी कोप होईल, ही भीती हे त्याचं हत्यार. 1860 च्या दंडसंहितेत या प्रकाराचं उदाहरण दिलेलं होतं आणि तो गुन्हा होता. आज सोलापुरात पूनम गेटसमोर धरणं धरतात ती ज्यांच्या हाती दुसरं काही नाही अशी माणसं. दार बदललं, बसणाराही बदलला.

आता शेवटचा शब्द, भीड. गळ घालणं, शब्द टाकणं, भिडेखातर हो म्हणणं, यात आवाज चढत नाही. करार कायद्याला जबरदस्ती ठाऊक आहे, वजन वापरून घेतलेला गैरफायदाही ठाऊक आहे. पण बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतात तेव्हा काय होतं? 2005 पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. तरी कागदावर ओळ असते, 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता'. दडपण खरोखरच कुणी आणलेलं नसतं. भाऊ एवढंच म्हणतो, 'तायडे, माहेर तुटू द्यायचं नाही ना?'

दुय्यम निबंधकापुढं तिला मुख्यतः सही तुमचीच का, हे विचारलं जातं. आपल्यात वकील बसले आहेत, दस्त लिहिणारे बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे, की मजकूर टाइप करण्याआधी तिला एकटीला पाच मिनिटं बसवून घ्या आणि विचारा: ताई, भाऊ बोलायचा बंद होणार नाही याची खात्री असती, तर ही सही केली असती का?