पुढे न्या

(दृश्य : रात्र. सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी. चॅनेल गेट अर्धं ओढलेलं.)

रात्रीचे पावणेदोन. गेटवर मामा उभे आहेत. पेशंटबरोबर दोघांनाच आत सोडायचं, असा नियम. आत्ता टेम्पोतून उतरलेत नऊ जण. मामा एकटेच.

आत रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर आहे. काल सकाळी आठला सुरू झालेली त्याची ड्यूटी अजून संपलेली नाही. टेबलावरचा त्याचा डबा मावशींनी दोनदा उचलून बाजूला ठेवला. उघडला कोणीच नाही.

पेशंट अपघातातला, डोक्याला मार. सलाइन लागलंय. आता नातेवाईकांना सांगायचंय, इथे मेंदूचा सर्जन नाही, पुढे न्या.

पुढे म्हणजे कुठे? तिथे तरी बेड मिळेल का? सर्जनचं पद भरणं या पोराच्या हातात नाही. ते रिकामं आहे, हे सांगायला मात्र तोच पुढे.

(दृश्य : धुळे शहर.)

मार्च 2017. धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात असाच डोक्याला मार लागलेला पेशंट आला. न्यूरोसर्जन नव्हता. दुसरीकडे न्या, असं सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं, की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. त्याच महिन्यात राज्यभरातले सुमारे 4,000 निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचलं. सरकारने 1,100 सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा तेव्हाही होता. महाराष्ट्राचा 2010 चा. तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. त्याचा बोर्ड या कॅज्युअल्टीच्या भिंतीवरही आहे. रात्री दोन वाजता तो वाचतो कोण?

(दृश्य : कॉरिडॉर. बाकावर बसल्या बसल्या झोपलेली सिस्टर.)

तासांचाही कागद आहे. केंद्राच्या 1992 च्या आदेशात निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी साधारणपणे दिवसाला 12 तासांपुढे जाऊ नये, असं लिहिलंय. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जिच्यावर अत्याचार होऊन खून झाला, ती डॉक्टर 36 तासांच्या ड्यूटीवर असताना सेमिनार रूममध्ये जरा पडली होती. कागदापासून आपण कुठवर आलो, ते यातून दिसतं.

ड्यूटीच्या पहिल्या तासाला हाच डॉक्टर केसपेपरच्या मागे मेंदूचं चित्र काढून समजावतो. रक्त कुठे साचलंय, किती वेळ हातात आहे. अठराव्या तासाला त्या चित्राचे दोनच शब्द उरतात, 'पुढे न्या'. समोरच्याला वाटतं, हा मग्रूर आहे. म्हणून हात उचलावा, असं मुळीच नाही. पण ठिणगी पडते ती बहुतेकदा इथेच.

(दृश्य : पुन्हा कॅज्युअल्टी. केसपेपरवर पेन.)

डॉक्टर लिहितो, 'नातेवाईकांना समजेल अशा भाषेत समजावून सांगितले.' खाली वेळ टाकतो, 2.10. पेशंटची आई सही करू शकत नाही. तो शाईचं पॅड पुढे सरकवतो, तिचा अंगठा धरून कागदावर टेकवतो. ती विचारते, "बाळा, वाचंल ना रे?"

बाहेर रिक्षा थांबते. मामा गेट ओढतात.