मांजरीच्या नावावर फ्लॅट

नमस्कार, श्रोतेहो.

मागे आमच्या दादरला एक गोष्ट फार फिरत होती. पारशी कॉलनीतली एक म्हातारी वारली आणि राहता फ्लॅट मांजरीच्या नावावर करून गेली म्हणे! सांगणारा बदलला की इस्टेट वाढायची. तळमजल्यावरच्या काकूंकडे ते दोन खोल्यांचं घर होतं. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याला खंडाळ्याचा बंगला चिकटला होता. म्हातारीचं नाव कुणालाच सांगता येईना. मांजरीचं मात्र सगळ्यांना पाठ. शिरीन.

इटलीतल्या गुंथर नावाच्या कुत्र्याची कथा याच जातीची. एका जर्मन काउंटेसने १९९२ साली आपली अफाट संपत्ती या जर्मन शेफर्डला ठेवली आणि ती त्याच्या वंशजांकडे चालत आली, असं कितीतरी वर्तमानपत्रांनी छापलं. काउंटेस कधी नव्हतीच. औषध कंपनीवाल्या घराण्यातल्या मौरिझिओ मियान या गृहस्थांनी तिला जन्माला घातलं होतं.

लिओना हेल्म्सलीची गोष्ट मात्र खरी. न्यूयॉर्कची ही हॉटेलवाली बाई २००७ मध्ये गेली. ट्रबल नावाच्या कुत्रीसाठी तिने १ कोटी २० लाख डॉलर ठेवले आणि दोन नातवंडांना दमडी दिली नाही. न्यायाधीशांनी ती रक्कम २० लाखांवर आणली. पण तिथेही कुत्रीच्या नावाने चेक फाटत नव्हता. पैसा ट्रस्टकडे, कुत्री सांभाळायला माणूस.

आपल्याकडे तर कायद्याच्या लेखी कुत्रं-मांजर हीच मुळी मालमत्ता. मालमत्तेच्या नावावर मालमत्ता करायची कशी? १८८२ च्या न्यास कायद्यात लाभार्थी कोण, तर मालमत्ता धारण करू शकेल अशी व्यक्ती. आपला मोती तिथेच बाद. मग उरतो एकच रस्ता: भरवशाचा माणूस गाठायचा, पैसे त्याला द्यायचे आणि ते मोतीच्या खाण्यापिण्यासाठी, औषधपाण्यासाठी आहेत हे मृत्युपत्रात लिहायचं. सगळी मेख त्या 'भरवशाच्या' शब्दात!

रतन टाटा ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. मृत्युपत्राच्या बातम्यांत त्यांच्या टिटो कुत्र्याचं नाव आलं आणि लोकांनी त्याला लगेच कोट्यधीश करून टाकलं. बातमी नीट वाचली तर टिटोला सांभाळायची जबाबदारी घरच्या स्वयंपाक्याकडे दिली होती. त्याआधी टाटांच्या मुख्यालयातला, म्हणजे बॉम्बे हाउसचा 'गोवा' कुत्रा मालकामागोमाग तीन दिवसांत गेला, असा मेसेज फिरला. गोवा ठणठणीत होता. पण डोळे पुसून तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही.

या शहराने मुक्या जनावरांसाठी पैसा सोडला नाही, असंही नाही. १८३२ मध्ये इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली. दोनच वर्षांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभं राहिलं, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पैशावर. तिथे कुणा एका गाईच्या नावावर काही नव्हतं.

बरं, शिरीनचं काय झालं? न राहवून एकदा मी कॉलनीतल्या वॉचमनला गाठलं. म्हणाला, फ्लॅटला पुतण्याने कुलूप लावलंय. आणि मांजर? त्याने खुर्चीखाली बोट दाखवलं. एक करडी मांजर स्टीलच्या ताटलीतलं बोंबलाचं डोकं चघळत बसली होती.

"बाईंनी दोन हजार दिले होते हिच्यासाठी," तो म्हणाला. "ते केव्हाच संपले."