बिल्ला सांगतो घराणं

(दृश्य: पुणे कॅम्प. लष्करी कपड्यांच्या दुकानाची काच, आत ओळीनं मांडलेले पितळी बिल्ले.)

पुण्यात गणवेशातला माणूस रोज दिसतो. घोरपडीला, खडकीला, वानवडीला. आपण बघतो त्याच्या खांद्यावरचे तारे. पण खांदा फक्त हुद्दा सांगतो. माणूस कुठल्या घराण्यातला, म्हणजे कुठल्या दलातला किंवा रेजिमेंटमधला, हे डोक्यावरची बेरे, ती गोल मऊ लष्करी टोपी, सांगते.

आधी रंग बघायचा, मग डाव्या डोळ्याच्या वरच्या बाजूला लावलेला बिल्ला.

काळी बेरे म्हणजे रणगाडेवाले. रणगाड्याच्या पोटात तेल, ग्रीस, काजळी. तिथं दुसरा रंग टिकणार कसा? ब्रिटिशांच्या टँक कोअरनं १९२४ मध्ये काळा रंग घेतला तो म्हणूनच. या काळ्या बेरेवाल्यांत एक नाव थेट आपल्या गावाचं आहे, पूना हॉर्स. १८१७ साली उभं राहिलेलं हे घोडदळ. घोडे जाऊन रणगाडे आले, पुण्याचं नाव मात्र राहिलं. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र. खेत्रपालांचा जन्म पुण्यातलाच.

(दृश्य: खडकी, लष्करी इंजिनिअर्सच्या बॉम्बे सॅपर्स पलटणीचा परिसर.)

इथली बेरे गडद निळी. इंजिनिअर्सचं ब्रीद एकाच शब्दाचं: ‘सर्वत्र’. पूल बांधायचा असो की सुरुंग काढायचे, सगळ्यांच्या पुढं हेच. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे परमवीर राम राघोबा राणे याच बॉम्बे सॅपर्सचे.

पायदळाची बेरे हिरवी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर ढाल, तलवारी आणि बिगुल. ढाल-तलवार समजते, पण बिगुल कशाला? लाइट इन्फंट्री म्हणजे चपळ, विखरून लढणारी फौज. अशा फौजेला हुकूम पोचायचा तो बिगुलावरून.

आता एक गंमत. याच मराठा पलटणीची तिसरी बटालियन १९५२ मध्ये विमानातून उड्या घेणाऱ्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा झाली. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळवणारे नाईक यशवंत घाडगे हिच्यातलेच. घर बदललं, आणि मरून रंगाच्या, म्हणजे गडद तांबड्या बेरेवरच्या बिल्ल्यात बिगुलाऐवजी पंखांचं पॅराशूट आलं.

आणि ‘बलिदान’ हे चिन्ह? २०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर तसाच खंजीर दिसल्यापासून ते चिन्ह पुण्यातल्या निम्म्या बुलेटवर चिकटलेलं दिसतं. खंजिराचं टोक खाली, दोन्हीकडे पंख, पात्यावरच्या पट्टीवर देवनागरीत ‘बलिदान’. ते बेरेवर नसतंच, छातीवर असतं, आणि तेही फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसच्या, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटमधल्या खास कमांडोंच्या. बाजारात ते कीचेनवर मिळतं, यात कुणाला अभिमान वाटत असेल तर वाटो. ज्यांनी ते कमावलंय, त्यांना काय वाटत असेल?

स्टिकरचं एक वेळ सोडा. पण आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी गणवेश किंवा असं चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.