वाटीने मोजता येईल अशी गाइडलाइन

(दादर येथे आहारतज्ज्ञांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पीकेयू म्हणजे फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार, हे या सभागृहात सांगायला नको: प्रथिनांतलं फेनिलॲलानिन शरीराला नीट मोडता येत नाही, ते रक्तात साठतं आणि मेंदूला इजा करतं. १९३४ मध्ये नॉर्वेत फॉलिंग यांनी तो ओळखला, १९५३ मध्ये बिकेल आणि सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅमला आहाराने उपचार करून दाखवले. तेव्हापासून या मुलांचा मेंदू जपायचं काम बरंचसं आपल्याकडे आलंय. म्हणूनच मी आज राजगिऱ्याच्या लाडवावर बोलणार आहे. हसा, पण विषय तोच आहे.

डोंबिवलीहून एक छोटी मुलगी माझ्याकडे येते. सुरुवातीला तिचं फेनिलॲलानिन काही केल्या खाली येईना. आधीच्या ठिकाणी तिच्या आईला झेरॉक्स काढलेला कागद मिळाला होता: दूध, डाळी, गहू, अंडी बंद, उपासाचे पदार्थ चालतील. एवढंच! मग आजीने नातीसाठी मायेने काय करावं? राजगिऱ्याचे लाडू, आणि दाण्याचं कूट घालून साबुदाण्याची खिचडी. आता सांगा, शंभर ग्रॅम राजगिऱ्यात प्रथिनं किती? बरोबर, तेरा-चौदा ग्रॅम. गव्हापेक्षा जास्त! साबुदाण्यात जेमतेम नावाला, पण कूट पडलं की संपलं. आणि बोलणी कोणी खाल्ली? आईने. 'घरी काहीतरी चोरून देत असाल' म्हणे. मला याचा आजही राग येतो. त्या घरात कोणीच चोरून काही दिलं नव्हतं. कागदावर होतं तेच दिलं होतं.

आम्ही आजीलाच बोलावलं. जिरं, तूप, बटाटा घालून बिनकुटाची खिचडी त्यांनी बसवली. साबुदाणा आणि बटाटा आधी काट्यावर तोलायचा, हे आमच्याआधी त्यांच्याच लक्षात आलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा जाहीर केलेला विषय, म्हणजे उपचाराच्या गाइडलाइन, भरभर सांगते. २०१७ ची युरोपीय गाइडलाइन बारा वर्षांपर्यंत रक्तात लिटरमागे १२० ते ३६० मायक्रोमोल, पुढे ६०० पर्यंत फेनिलॲलानिनची पातळी मान्य करते. २०१४ ची अमेरिकन जन्मभर ३६० च म्हणते. आपण कुठली पाळतो ते फाइलवर लिहा, नाहीतर दोन ठिकाणी दोन सल्ले मिळतात. दुसरं, नुसतं बंद-बंद करू नका. मूल उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि पातळी उलट चढते; तापातही तेच होतं. फॉर्म्युला, म्हणजे फेनिलॲलानिन वगळून केलेला प्रथिनांचा पर्याय, दिवसभरात विभागून द्या. तिसरं, आकडा ताटापर्यंत न्या. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण अडीच ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम फेनिलॲलानिन. तीव्र पीकेयूच्या काही मुलांची दिवसाची मर्यादाच अडीचशेच्या आसपास असते. आईला मिलिग्रॅम नको, तिच्या घरातली वाटी किती भरायची ते हवं.

हे तक्ते बाहेरून तयार मिळणार नाहीत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्याकडच्या घरांत होणारे पदार्थ शिजवून, तोलून आणा. घावन आणि तांदळाची भाकरी मी घेते. थालीपीठ कोण घेतंय?