कौल

(पहाट. बंदरावर होड्या लागताहेत. दूरवर एसटीचा हॉर्न.)

पहाटेची पहिली एसटी तिठ्यावर थांबते, तेव्हा उतरणाऱ्या बायकांच्या हातातल्या पिशव्या बघा. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, छत्री, आणि वेगळ्या पिशवीत गुंडाळलेली स्लिपरची जोडी. ही जोडी घरात येत नाही. वॉर्डात वापरायची, तिथल्याच नळाखाली धुवायची, आणि घरी आणलीच तर पडवीच्या बाहेर ठेवायची. आमच्याकडे अशी एक जोडी कित्येक वर्षं पायरीखाली असायची. लहानपणी मी तिला हात लावला म्हणून आईने मला विहिरीवर नेऊन डोक्यापासून पायापर्यंत घासून काढलं होतं.

माझी आई आया होती. या वाटेवरच्याच एका रुग्णालयात. नाव सांगत नाही, कारण या फिल्ममध्ये दिसणाऱ्या बऱ्याच जणांची चूल आजही तिथल्या पगारावर पेटते.

(वॉर्ड. खिडकीतून माड. कॅमेरा फक्त हातांवर.)

डॉक्टर आईला मावशी म्हणायचे, नर्स मावशी म्हणायच्या, पेशंट मावशी म्हणायचे. पगाराच्या कागदावर मात्र एकच शब्द असायचा. अकुशल.

तो शब्द डोक्यात ठेवा आणि हे हात बघा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींची चादर बदलायची आहे. आजींना उचलायचं नाही, उठवायचं नाही. एका अंगावर कलतं करायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळायची, तिच्या कडेला नवी सरकवायची, मग दुसऱ्या अंगावर. आजी कण्हल्या नाहीत, म्हणजे काम बरोबर झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्या जखमा आधी दिसतात त्या अंग पुसणाऱ्या बाईला, डॉक्टरांना नंतर. कचऱ्याचंही तसंच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या टणक डब्यात आणि काच निळ्या खोक्यात. पहाटे चार वाजता, सलग दुसरी पाळी करताना, हे चार रंग चुकायचे नाहीत. एक सुई चुकून साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गेली, तर ती पिशवी उचलणाऱ्याच्या बोटात जाते.

पावसाळ्यात तापाचे पेशंट येतात. लेप्टोच्या, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या, संशयाने तपासण्या होतात, वॉर्ड भरतो, जमिनीवर गाद्या पडतात. भातलावणीच्या दिवसांत फुरसं चावलेली माणसं येतात. घाबरून हातपाय झाडणाऱ्या पोराचा हात सुई जाईपर्यंत धरून ठेवणं हेसुद्धा काम आहे. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केलेलं काम आज जगाला माहीत आहे, आणि कोकणाला त्याचा अभिमान आहे. मलाही आहे. पण अशी प्रत्येक गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर कॉटच्या दुसऱ्या बाजूला उभी असलेली बाई येते. रात्रभर पेशंटचा घाम पुसणारी. तिचं नाव कुठल्याच कागदात नसतं, हजेरीच्या मस्टरमध्ये असतं तेवढंच.

(पगाराच्या कागदाचा जवळून शॉट. नाव झाकलेलं.)

आता मस्टरबद्दल. आईच्या काळात ते रुग्णालयाचं होतं. मग ठेकेदार आला. माणसं तीच, वॉर्ड तोच, फरशी तीच. सकाळी सही करायची वही तेवढी बदलली. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली आणि वरचे चार तास वहीत उमटलेच नाहीत. रिलिव्हर आला नाही तर तुम्हीच थांबायचं. तुम्ही आला नाहीत तर खाडा. पगार कधी पंधरा तारखेला, कधी वीस.

या कागदावर दोन कपाती दिसतात. भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के आणि ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का. पैसे कापले गेले हे नक्की. एका ताईच्या मुलीने कॉलेजात मोबाइलवर आईचं निधीचं पासबुक उघडून पाहिलं, तर कितीतरी महिन्यांच्या जागा कोऱ्या. ती रात्र त्या घरात कुणी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई नेहमीसारखी पाळीवर गेली आणि जेवणाच्या सुट्टीत तिने चार जणींना आपापले मोबाइल काढायला सांगितले. या सगळ्याची सुरुवात तिथे झाली. कुणी पुढारी आला नव्हता, झेंडा नव्हता.

१९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा म्हणत होता की ठेकेदाराने पगार थकवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. या बायका पहिल्यांदा कार्यालयात गेल्या, तेव्हा त्यांना ठेकेदाराकडे पाठवलं. ठेकेदाराने सांगितलं की रुग्णालयाकडून बिलच निघालेलं नाही. मधल्या जिन्यावर उभं राहून त्यांनी ठरवलं की आता लेखी द्यायचं. मागण्या फार नव्हत्या. केलेल्या तासांचा पगार, सात तारखेच्या आत पगार, निधीचा हिशोब, आणि तेच काम करणाऱ्या जुन्या कायम माणसांइतकं वेतन. शेवटची मागणी ऐकून कार्यालयात कुणीतरी हसलं म्हणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व मान्य केलं आहे. तो सरकारी नोकरांचा खटला, हे खरं. पण कूस बदलायला लागणारं बळ सरकारी वॉर्डात आणि इथे सारखंच लागतं.

लेखी दिलं. उत्तर नाही. पुन्हा दिलं. उत्तर नाही. तेव्हा कुणाच्या तरी तोंडून तो शब्द निघाला.

(जुनं कौलारू घर. भिंतीवर फोटो. फोटोवर हार.)

संप.

कोकणात हा शब्द सहज उच्चारला जात नाही. मी आईला सांगितलं, तेव्हा ती सोलं वाळत घालत होती. हातातलं सूप तिने खाली ठेवलं.

"संप म्हटलो की माझ्या पोटात गोळो येता. तुझो आजो संपार गेलो, तो परत गिरणीत गेलोच नाय."

१८ जानेवारी १९८२. मुंबईच्या गिरण्यांचा संप. सुमारे अडीच लाख कामगार, आणि त्यांतली केवढी तरी माणसं या लाल मातीतली. इथली घरं मनीऑर्डरवर चालायची. शाळेची फी, गणपतीचा खर्च, कौलं शाकारणं, सगळं पोस्टमनच्या पिशवीतून यायचं. ती पिशवी रिकामी झाली. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत याच किनाऱ्याचे, मालवणजवळच्या देवबागचे. घाटकोपरला दवाखाना चालवणारा डॉक्टर कामगारांचा पुढारी झाला, आणि माझ्या आजोबांनी त्याच्यावर देवासारखा विश्वास टाकला. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आजोबा ट्रंक घेऊन गावी आले आणि मरेपर्यंत म्हणत राहिले, "अजून निकाल लागूक नाय."

त्यामुळे आईची भीती मला भित्रेपणा वाटली नाही. तिच्या घरात संपाची किंमत भाताच्या मापाने मोजली गेली आहे. पण मी तिला दुसरी एक गोष्ट सांगितली, जी मला या फिल्मच्या कामात कळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहात वॉर्डात काम करणाऱ्या दोन बायकांना भरपाई न देता कामावरून कमी केलं होतं. त्यांची संघटना, हॉस्पिटल मजदूर सभा, न्यायालयात गेली. मुंबई राज्याचं म्हणणं होतं की रुग्णालय म्हणजे काही उद्योग नव्हे, इथे कामगार कायदा कसला? खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल लिहिला: असं रुग्णालय कायद्याच्या दृष्टीने उद्योग आहे, आणि या बायकांना कायद्याचं संरक्षण आहे. दहा वर्षांनी न्यायालयाने ते मत फिरवलं आणि १९७८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा रुग्णालयांना त्या व्याख्येत आणलं. देशातल्या एवढ्या मोठ्या वादाची सुरुवात झाली ती दोन वॉर्डसेविकांपासून. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "तेंका भरपाई गावली?" मी म्हटलं, निकाल त्यांच्या बाजूने लागला. तिने सूप उचललं आणि परत कामाला लागली.

(मच्छीमार सोसायटीची शेड. दुपार. लिलाव संपलेला, फरशी ओली.)

मतदान इथे झालं. देवळाच्या सभामंडपात घ्यावं असं काहींचं म्हणणं होतं. पण कामगारांत मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत, म्हणून शेड ठरली. एका वयस्कर मामांनी विचारलं, देवाला कौल लावायचा का? आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाच्या अंगावर कळे लावतात आणि उजवा पडतो की डावा हे बघतात. त्यांच्या शेजारची आया म्हणाली, "आपलो कौल आपणच लावया." मामा हसले आणि रांगेत उभे राहिले.

महाराष्ट्राच्या कामगार संघटनांच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त संघटनेला संपाच्या नोटिशीआधी बहुसंख्य सभासदांचं मत घ्यायला सांगितलं आहे. यांच्या संघटनेला अजून मान्यता नाही, त्यामुळे ती सक्ती यांच्यावर नव्हती. तरीही त्यांनी मत घेतलं, आणि हात वर करून घेतलं नाही. हात वर करायला सांगितलं की शेजारचा बघतो, आणि शेजारचा मुकादमाचा भाचा असू शकतो. पेटी म्हणून हातमोज्यांचा रिकामा खोका. चिठ्ठीवर संप हवा असेल तर बरोबरची खूण, नको असेल तर फुली, म्हणजे अक्षरओळख नसली तरी अडायला नको. रात्रपाळी झोपून उठल्यावर, दिवसपाळी सुटल्यावर, सगळ्यांना येता यावं म्हणून पेटी अंधार पडेपर्यंत ठेवली.

दोनदा मत पडू नये म्हणून बोटाला शाई हवी होती. कुणीतरी जेन्शन व्हायोलेटची बाटली आणली, तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध. रांगेतली एक नवी मुलगी, लागून तीनच महिने झालेली, हळूच म्हणाली, "हे आठवडाभर जात नाही. उद्या मुकादम बोटं बघेल." शेडमध्ये शांतता पसरली. बाटलीचं बूच परत लागलं आणि यादीत नावापुढे सही घ्यायचं ठरलं. मला त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. सगळ्यांत नवीन माणूस बोलला आणि सगळ्यांनी ऐकलं.

थोड्या वेळाने एक आया पुढे आली. निवृत्तीला काही महिने राहिलेले. तिने बाटली मागून घेतली आणि तर्जनी बुडवली. पूर्ण, पेरापर्यंत.

(रुग्णालयाचं फाटक. रुग्णवाहिका बाहेर पडते.)

लोक विचारतात, पेशंटचे हाल झाले तर? हा प्रश्न खरा आहे. इथे मोठं काही झालं की गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय गाठावं लागतं, नाहीतर कोल्हापूर. घाटात रुग्णवाहिका अडकली तर काय होतं हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, आणि ही माणसं याच घरांतली आहेत. म्हणून मतदानाआधी त्यांनी एक यादी केली. संप झालाच तर अतिदक्षता, प्रसूतिगृह, डायलिसिस, अपघात विभाग आणि सर्पदंश इथे कोण, कुठल्या पाळीला थांबणार. यादीत नावं घालायला माणसं कमी पडली नाहीत.

पण मलाही एक विचारायचं आहे, आणि ते मी आईचा मुलगा म्हणून विचारतो. एका बाईच्या अंगावर चाळीस खाटा टाकल्या जातात, तेव्हा पेशंटचे हाल होत नाहीत का? ती सोळा तास जागी असते आणि तिच्या हातात सलाइनची बाटली असते, तेव्हा? ३ मे २०२० ला देशभरातल्या रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली गेली. कोविडच्या त्याच दिवसांत प्लास्टिकच्या पोशाखात घामाने निथळत मृतदेह गुंडाळणारे हात याच लोकांचे होते. त्यांच्या पोटाची चौकशी तेव्हाच झाली असती, तर आज ही शेड भरली नसती.

(कंदील. खोका उघडतो.)

मोजणी सगळ्यांसमोर झाली. चिठ्ठ्या प्लास्टिकच्या माशांच्या टोपलीत ओतल्या आणि दोन ढीग केले. फुल्यांचा ढीग एका मुठीत मावला. फुली मारणारेही त्या शेडमध्येच होते. कुणीच त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

कुणी घोषणा दिली नाही. नोटीस लिहायला घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच धरला जातो. म्हणजे आडवाट नाही. कुणी मेस्माचं, अत्यावश्यक सेवांतल्या संपावर बंदी घालू देणाऱ्या राज्याच्या कायद्याचं, नाव काढलं. ज्या ताईच्या मुलीने पासबुक उघडलं होतं, तिनेच नोटीस संगणकावर लिहिली. आईचं नाव लिहिताना तिने शुद्धलेखन दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी पाच जणी आवक-जावकच्या खिडकीवर गेल्या. कारकुनाने कागद घेतला, पोच द्यायला नाही म्हणाला. साहेब नाहीत, उद्या या. त्या हलल्या नाहीत. मागे रांग लागली, केसपेपरवाल्या लोकांची. त्यांतल्याच एका म्हाताऱ्याने खिडकीत वाकून सांगितलं, "शिक्को मार रे झिला, तेंका कामार जावचा हा."

शिक्का बसला. तारीख, वेळ, सही. पोचेचा कागद निवृत्तीला आलेल्या आयाने घेतला, जांभळ्या बोटाने घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. मग तिने स्लिपर बदलल्या, दोन्ही हातांत मोजे चढवले आणि ती वॉर्डात गेली. सहा नंबरच्या आजींची कूस बदलायची वेळ झाली होती.