मोजून घातलेला टाका

(पांढऱ्या मॅटीचा तुकडा, अगदी जवळून. सुई खालून वर येते.)

हे मॅटीचं कापड. एका इंचात १४ घरं. प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांना चार भोकं. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक तिरपा टाका गेला, त्याच्यावरून उरलेल्या दोन कोपऱ्यांना जोडणारा दुसरा गेला, की झाली एक फुली. क्रॉस स्टिचमध्ये शिकायचा टाका एवढाच. सात-आठ वर्षांचं पोरही तो दहा मिनिटांत घालायला लागतं. त्यापुढे जे आहे ते सगळं मोजणं आहे.

हे हात माझ्या आत्याचे. ती पुण्यात राहते. भरतकाम, शिवण, विणकाम हे तिन्ही ती घरी करते, विकायला काहीच नाही. नोकरी होती तेव्हाही करायची, आता निवृत्तीनंतर जरा जास्त. घरी येणारी माणसं तिचं काम बघतात, कौतुक करतात आणि हमखास म्हणतात, "वेळ छान जातो ना तुमचा!" हे वाक्य मला फार खटकतं. या टेबलावर दिवसभर जो हिशेब, जी पारख आणि जे निर्णय चालतात, ते त्या वाक्यात कुठेच येत नाहीत. म्हणून कॅमेरा इथे आणला.

(टेबलावर आलेखाचा कागद. पेन्सिलीने भरलेले पिवळे चौकोन.)

आत्ता हातात आहे तो बहाव्याचा घोस. चित्र तिने स्वतःच आलेखाच्या कागदावर उतरवलं. ११२ घरं रुंद, ८४ घरं उंच. आता हे १४च्या मॅटीवर किती मोठं येईल? ११२ भागिले १४, म्हणजे ८ इंच. ८४ भागिले १४, म्हणजे ६ इंच. फ्रेम करायला चारही बाजूंनी तीन-तीन इंच सोडायचे, म्हणजे कापड हवं १४ बाय १२ इंच. हेच चित्र ११च्या मॅटीवर घेतलं तर दहा इंचांच्या वर जातं, १६च्या मॅटीवर घेतलं तर सातातच बसतं. कात्री हातात घेण्याआधी हा हिशेब झालेला असतो.

मग कापडाची एकदा उभी, एकदा आडवी घडी घालायची. दोन्ही घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. कागदावरच्या चित्राचाही मध्य काढायचा आणि पहिली फुली तिथेच घालायची. कोपऱ्यातून सुरुवात केली आणि मोजण्यात एखादी चूक झाली, तर चित्र कापडाबाहेर जाऊ शकतं. मधून सुरू केलं की चारही बाजूंना जागा राखलेली असते.

(लडीतून दोरा सुटा करतानाचं दृश्य.)

दोरा सहा पदरी असतो. बाजारात मिळणारी लडी साधारण ८ मीटरची. १४च्या मॅटीला दोन पदर पुरतात. पण आत्या दोन पदर एकदम ओढत नाही. एक-एक पदर वेगळा काढते आणि मग जुळवते, म्हणजे ते एकमेकांना पीळ न देता शेजारी शेजारी बसतात आणि फुली भरीव दिसते. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. इथे कापडाला भोक पाडायचं नसतं, असलेल्या भोकातून वाट काढायची असते.

आता हे नीट बघा, कारण लाखमोलाची युक्ती आहे. गाठ मारायची नाही. एकच लांब पदर मधोमध दुमडायचा, त्याची दोन्ही टोकं एकत्र सुईत ओवायची. मागे राहतो तो फासा. सुई खालून वर काढली, तिरपी खाली नेली, मागच्या बाजूला त्या फाशातून घातली आणि हलकेच ओढली. दोरा पक्का झाला. गाठ नाही, त्यामुळे फ्रेममध्ये कापड ताणून बसवलं तरी पुढून कुठेही टेंगूळ दिसत नाही.

आणखी एक नियम ती कसोशीने पाळते. फुलीतला वरचा टाका सगळ्या चित्रभर एकाच दिशेला झुकलेला हवा. धाग्याला चमक असते. एका फुलीत वरचा टाका उजवीकडे आणि शेजारच्या फुलीत डावीकडे गेला, तर उजेड दोन्हीकडून वेगळा परततो आणि रंग एकच असूनही तिथे डाग पडल्यासारखा दिसतो. लांबून पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

या चौकटीत एकूण ९,४०८ घरं आहेत. पार्श्वभूमी कोरी ठेवायची म्हणून सगळी भरायची नाहीत, पण सगळी मोजायची मात्र आहेत. म्हणून भरायला लागण्यापूर्वी ती दर दहा घरांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लांब लांब धावदोरा घालून घेते. कागदावर दर दहा घरांनी जाड रेघ असते ना, तीच रेघ कापडावर आली. एखादं घर चुकलं तर ते दहाच्या आत कळतं. चित्र पूर्ण झालं की हे धागे ओढून टाकायचे.

(घरातल्या जुन्या वस्तू: क्रोशाचं तोरण, मॅटीवरचा पोपट, उशीचा अभ्रा.)

मराठी घरांना मॅटी नवी नाही. सोफ्याच्या पाठीवरची कापडं, रेडिओचं आवरण, टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल, दारावरचं तोरण, भिंतीवर फ्रेम केलेला गणपती किंवा हंसाची जोडी. लग्नात रुखवतावर हे सगळं मांडलेलं असायचं आणि बायका ते पुढून बघून झालं की हळूच उलटून मागूनही बघायच्या. मागची बाजू कशी आहे त्यावरून हाताची परीक्षा व्हायची. हे शिक्षण आई-आजीकडून व्हायचं, शाळेतून व्हायचं आणि संस्थांमधूनही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं. तिथे शिक्षिका आणि परिचारिका घडल्या, तसंच शिवण आणि भरतकामही शिकवलं गेलं. विधवा आणि गरजू बायकांच्या हाती त्यातून स्वतःची कमाई आली. आत्याला कमाईची गरज नव्हती, तिला छंद जोपासता आला. पण ज्या कौशल्यावर कित्येकींनी संसार उभे केले, त्याला मी तरी फावल्या वेळाचा उद्योग म्हणणार नाही.

मोजून भरायची रीत तर मॅटीच्याही आधीची आहे. आपल्या सीमेपलीकडे, धारवाडच्या बाजूला कसूतीचं भरतकाम चालतं, आणि इरकली साडीबरोबर ते सोलापूर-कोल्हापूरकडच्या घरांतही ओळखीचं झालं. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे त्याचे चार टाके. त्यातला मेंथी म्हणजे आपली फुलीच. तिथे कापडावर चित्र छापत नाहीत. विणीचे उभे-आडवे धागे मोजत भरायचं, तेही गाठ न मारता. गवंतीचा टाका तर असा की धावदोरा एकदा पुढे जातो आणि सुटलेल्या जागा भरत परत येतो, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू सारखीच दिसते. साडीच्या कापडातले एवढे बारीक धागे नुसत्या डोळ्यांनी मोजणाऱ्या बायकांपुढे मॅटीची १४ घरं म्हणजे ऐसपैस अंगण.

(कपाटातून गुंडाळी निघते. लांब पट्टीवर टाक्यांचे नमुने.)

ही आत्याची नमुन्यांची पट्टी. साखळी टाका, गहू टाका, काज टाका, उलट टीप, जाळीचे प्रकार. नवा नमुना दिसला की आधी इथे घालून बघायचा. अशा पट्ट्या जगभर सापडतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक नावाच्या बाईने भरलेला एक नमुनापट आहे. त्यावर तिचं नाव आणि १५९८ हे साल टाक्यांनीच भरलेलं आहे. ॲलिस ली नावाच्या मुलीचा जन्म त्याच्या दोन वर्षं आधी झाला, त्याचीही नोंद त्यावर आहे. वर निरनिराळ्या आकृत्या, खाली अक्षरं आणि नक्षीचे नमुने. पुढे कधी लागलं तर हाताशी असावं म्हणून केलेली नोंद. आत्याने पट्टीच्या कडेला सालं भरलेली आहेत, ती याच कारणाने.

(शिवणयंत्राचा आवाज.)

शिवणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यंत्राच्या आवाजात आत्या बोलत नाही आणि मलाही बोलू देत नाही. हे पायाचं मशीन माझ्या आजीचं. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, तिथे त्याचा लहानसा फासा होतो, त्या फाशातून खालच्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा दोरा जातो आणि दोघांची गुंफण कापडाच्या जाडीत, मधोमध अडकते. एलायस हाऊ यांनी १८४६ साली ज्या दुहेरी धाग्याच्या टाक्याचं पेटंट घेतलं, तोच हा टाका. गुंफण मध्यावर असेल तर टीप दोन्हीकडून सारखी येते. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसायला लागला, तर वरचा ताण जास्त झाला. म्हणून प्रत्येक नव्या कापडाआधी चिंधीवर एक टीप मारून बघायचीच.

ती बाळांसाठी झबली, टोपडी, दुपटी शिवते. सुती कापड आधी रात्रभर भिजवते, वाळवते, इस्त्री करते, मगच कापते. आटायचं असेल ते आधीच आटू दे. नवा ब्लाउज बेतायचा तर आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या सुती कापडावर. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, नीट बसला, हात वर केल्यावर ओढलं गेलं नाही, की मग साडीच्या कापडाला कात्री. शिवणीत माया, म्हणजे थोडं जास्तीचं कापड, सोडलेली असते, पण कात्रीने एकदा चुकून आत गेलात तर तो तुकडा परत जोडता येत नाही. टाका उसवता येतो, काप परत भरून येत नाही. म्हणूनच मशीनवर ती पाऊण तास बसते आणि कापायच्या टेबलाशी दोन तास उभी असते.

(लोकरीचे गुंडे. दोन सुयांवर विणलेला छोटा चौकोन.)

आता विणकाम. माझ्या मते या घरातलं सगळ्यात बुद्धीचं काम हेच. कारण इथे कापडसुद्धा आपणच तयार करायचं आणि आकारही त्याच वेळी द्यायचा.

हा चौकोन स्वेटरचा भाग नाही. हा नुसता नमुना. १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते बघायचं. इथे बसलेत २२. बाळाची छाती ५६ सेंटिमीटर, अंगात सैल हवं म्हणून ६० धरू. पुढचा भाग ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ६६ टाके. आता समजा दुसऱ्या कुणाचा हात जरा सैल आहे आणि तिचे १० सेंटिमीटरमध्ये २०च टाके बसतात. तिने तेच ६६ टाके घातले तर पुढचा भाग ३३ सेंटिमीटरचा होईल, मागचाही ३३चा. एकाच नमुन्यावरून, त्याच लोकरीचा स्वेटर ६ सेंटिमीटरने ढगळ. म्हणून दुसऱ्याने सांगितलेले टाके डोळे झाकून घालायचे नसतात. आपला हात आपण मोजायचा.

सुयांचंही तसंच. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत उलटं. तिथे नंबर वाढला की सुई जाड, आणि तिथली ८ नंबरची ५ मिलिमीटरची. इंटरनेटवरून नमुना घेताना आत्या नंबर वाचतच नाही, मिलिमीटर शोधते. स्वेटरची खालची पट्टी, एक सुलट एक उलट, ती मुद्दाम बारीक सुईवर घालते, म्हणजे पट्टी अंगाशी धरून राहते. पट्टी संपली की जाड सुया.

आणि हा पायमोजा. मला विणकामातलं काही एकच दाखवायला सांगितलं तर मी टाच दाखवेन.

(पायमोजा जवळून. विणणं दोन्ही दिशांनी मागे-पुढे.)

पायाच्या घोट्यापर्यंत नळी विणून झाली. गोल ६० टाके. इथून वाट वळवायची आहे, कारण पाय काटकोनात वळतो. अर्धे टाके बाजूला थांबवायचे, उरलेल्या ३० टाक्यांवर मागे-पुढे विणून टाचेमागची सपाट पट्टी करायची. आता खरी गंमत. ओळ सुरू करायची, १७ टाके विणायचे, पुढचे दोन मिळून एक करायचे, आणखी एक विणायचा आणि ओळ अर्धवट सोडून काम उलटं फिरवायचं. बाकीचे टाके सुईवर तसेच. परत येताना पहिला न विणता उचलायचा, पाच विणायचे, दोनाचा एक, आणखी एक, पुन्हा फिरवायचं. दर ओळीत थोडं पुढे जायचं, मागे सोडलेल्या टाक्यांतले आणखी दोन घ्यायचे. बारा ओळींत ३० टाक्यांचे १८ होतात, आणि सपाट पट्टीला आपोआप वाटीसारखा खोलगटपणा येतो. कुठे कापलं नाही, कुठे शिवण घातली नाही. आत्या ही टाच विणते तेव्हा ओठ हलत असतात. तेवढ्या वेळात बेल वाजली तर दार मी उघडतो.

उसवायचं कधी, हाही निर्णयच. क्रॉस स्टिचमध्ये एखादी फुली घोसाच्या मध्ये चुकली तर ती राहू देते, झाडाला काय मोजून फुलं येतात? पण कडेची रेघ एक घर सरकली असेल तर तीन संध्याकाळचं काम उसवते, चेहऱ्यावर जराही वाईट वाटल्याचं न दाखवता. लोकरीचा सांधा सैल झाला तर उसवते. दुपट्याच्या आतल्या थरातली टीप वाकडी गेली तर नाही उसवत. कुठल्या चुकीने वस्तू बिघडते आणि कुठली चूक नुसती डोळ्यांना दिसते, हे तिला कळतं. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

(टेबलावर फोन. शेजारी जांभळ्या लोकरीचे चार गुंडे.)

सध्या तिच्या भाचीच्या मुलाचा स्वेटर व्हायचा आहे. भाची टोरांटोला असते. परवा तिचा निरोप आला, "मावशी, दोन वर्षांचा आहे, त्या मापाने कर." आत्याने लगेच उलट फोन लावला. "वय नको सांगूस गं, टेप घे. छाती किती, खांद्यापासून कमरेपर्यंत किती, बाही मनगटापर्यंत किती. आणि डोकं मोजून सांग, गळा त्याच्या डोक्यावरून जायला हवा." पलीकडे पोरगं पळत होतं, भाची टेप घेऊन मागे. शेवटी तीन आकडे मिळाले. डोक्याचा अजून यायचा आहे, म्हणून आत्याने पाठीपासून सुरुवात केली आहे.